शनिवारच्या खेळाला दोन गडी हवेत



पोळा होऊन आठ दिवस झाले. कालपासून झिरझिर लागून आहे, बागेत पाय टाकला की चिखल घोट्याच्या वर येतो. फवारणी आज नाही आणि उद्याचंही खरं नाही. काडी पिकतेय, गोडी छाटणीला अजून तीनेक आठवडे आहेत. म्हणून आज माती परीक्षणाचा रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि वेगळंच लिहितो. ज्यांना फक्त डावणी-भुरीचं वाचायचंय त्यांनी आजचा दिवस सोडून द्यावा, रविवारी छाटणीपूर्व तयारीवर लिहितोच आहे.

आमच्या शनिवारच्या खेळाला दोन गडी हवेत.

गडी म्हटल्यावर मजूर डोळ्यापुढं येतील. मजूर तर सगळ्यांनाच हवेत, ते कुठं मिळतायत. हे खेळातले गडी. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. २०२० ला माल झाडावर होता, व्यापारी फोन उचलत नव्हता, निम्मी द्राक्षं बेदाण्याला घातली, तेव्हा पुण्याहून घरी अडकलेल्या पुतण्याने मला हा शिकवला. तेव्हापासून फोनवर, आवाजावर, शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेअकरा. या पानावर मी याच्याविषयी कधी लिहिलं नाही. लाज वाटायची. पन्नाशीला आलेला बागायतदार, आणि रात्री राक्षसांच्या गोष्टी सांगतो म्हणून.

खेळ असा. चार-पाच जण असतात. त्यातला एक गोष्ट सांगणारा, आमच्यात तो मी. बाकीचे गोष्टीतली माणसं: कुणी लढवय्या, कुणी जादू जाणणारी, कुणी कुलपं उघडणारा. मी सांगायचं, वाटेत नदी आहे आणि पूल मोडलाय. त्यांनी सांगायचं, आमचा माणूस काय करतो. जमेल की नाही अशी शंका असेल तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपल्या माणसाच्या अंगातल्या गुणाचा आकडा त्यात मिळवायचा, ठरलेल्या आकड्याला पोचलं तर जमलं. यात कुणी कुणाला हरवत नाही. सगळे मिळून तरतात नाहीतर सगळे मिळून बुडतात. ज्यांनी कोकणात दशावतार पाहिलाय त्यांना लगेच कळेल. तिथं कथानक ठरलेलं, पण बोलणं लिहिलेलं नसतं, उभ्या उभ्या सुचतं. जुन्या तमाशातला वगही तसाच चालायचा. आमच्यात कथानकसुद्धा पूर्ण ठरलेलं नसतं, एवढाच फरक.

हा खेळ अमेरिकेतला. १९७४ ला विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी केला. त्याआधी तिकडं लोक टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या फौजा मांडून लढाया खेळायचे. यांनी फौज काढून टाकली आणि प्रत्येकाच्या हातात एकच माणूस दिला. एवढ्या एका बदलावर सगळं उभं आहे. माणूस एकच असला की त्याची काळजी लागते.

आता गडी गोळा करायचं. यात मी चांगला दोनदा तोंडावर आपटलोय, ते सांगायलाच बसलोय.

पहिल्यांदा मी द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: "ऑनलाइन फँटसी गेमसाठी नवीन खेळाडू हवेत. अनुभवाची गरज नाही." पाच मिनिटांत उत्तरं. एक म्हणाला, किती भरायचे? दुसरा, माणूस जोडला तर आपल्याला किती सुटतात? तिसऱ्याने नुसताच हात जोडल्याचा इमोजी टाकला. ॲडमिनने मेसेज काढायला लावला. दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी बोलावून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाले, "तंगी असंल तर सांग, मी बघतो काहीतरी. पण या नादाला लागू नको."

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडं ऑनलाइन गेम म्हणजे रमी, आणि फँटसी म्हणजे क्रिकेटच्या टीमा लावणं. त्यात कुणाचं काय गेलं हे प्रत्येक गावाला माहीत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आमच्या पारावर पेढे वाटणाऱ्या दोन बायका मी स्वतः बघितल्या. तेव्हा हे दोन शब्द मी सोडून दिले. आता "गोष्टीचा खेळ" म्हणतो. आणि गड्याशी बोलायच्या आधी त्याच्या घरी जाऊन येतो. पैसा लागत नाही, पैसा मिळत नाही, हे घरातल्या बाईला समोर बसून सांगतो. नियमांचा मूळ गाभा २०२३ च्या जानेवारीत कंपनीने सगळ्यांना फुकट वापरायला मोकळा केलाय, त्यामुळं पुस्तकसुद्धा विकत घ्यावं लागत नाही.

दुसरी चूक मोठी.

मागच्या वर्षी, ऐन ऑक्टोबरात, शेजारच्या गावातला एक पोरगा आला. ॲग्रीची पदवी झालेली, पुण्यातली नोकरी सोडून घरी परतलेला. स्वतःहून विचारलं त्याने, "दादा, मी येऊ का?" मला कोण आनंद. त्याच रात्री तीनशेहून जास्त पानांचं नियमांचं पुस्तक त्याला पाठवून दिलं. वर लिहिलं, वाचून ये. तो बिचारा वाचून आला! चार रात्री जागून स्वतःचा जादूगार तयार केला, त्याचा गाव, त्याचा गुरू, सगळं लिहून आणलं.

माझी बाग छाटणी होऊन बारावा-तेरावा दिवस. पोंगा अवस्था, वर ढगाळ. दिवसभर ब्लोअर मागे घेऊन ट्रॅक्टरवर होतो. डोकं जाग्यावर नव्हतं. बाकीचे चौघे जुने, आपसात भराभर बोलणारे, जुने विनोद, जुन्या भानगडी. दीड तास झाला आणि त्या पोराला कुणी काही विचारलंच नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. म्हटलं, याला आत ओढावं. गोष्टीत एक सावकार आणला. गमतीदार आवाज काढून बोलणारा, टिपण काढून दाखवणारा, त्याच्या जादूगाराच्या बापाच्या नावावर बाकी आहे म्हणून गाडी ओढून नेणारा. सगळे हसले. मीही हसलो.

तो म्हणाला, "दादा, नेट जातंय." आणि गेला. परत आला नाही.

त्या आठवड्यात त्याच्या घरी काय चाललं होतं ते इथं लिहिणार नाही. दोन्ही गावांत सगळ्यांना ठाऊक होतं. मी बागेत होतो, मला नव्हतं. कळलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, आणि मग फोन करायला तोंड राहिलं नाही. एकदा पिंपळगावला मार्केटमध्ये समोरासमोर आलो तर मी कांद्याच्या भावाचं बोललो. तोही कांद्याच्या भावाचं बोलला.

हा खेळ खेळणाऱ्या जाणत्या लोकांमध्ये पद्धत आहे. पहिल्या खेळाच्या आधी एक बैठक घ्यायची, तिला ते शून्य क्रमांकाची बैठक म्हणतात. त्यात ठरवायचं की कोणत्या गोष्टी या खेळात येणार नाहीत. मी हे वाचलेलं होतं. मला ते शहरी लाड वाटायचे. आता मी ते करतो, पण सगळ्यांसमोर नाही. आपल्याकडं चारचौघांत कुणी सांगत नाही. एकेकट्याला फोन करून विचारतो, "कशाचं नाव नको?" कुणी सांगतं, कुणी "काही नाही, चालंल सगळं" म्हणतं. कर्जवसुली, फास आणि विषाची बाटली या तीन गोष्टी मी न विचारताच काढून टाकल्यात. राक्षस आहेत, भुतं आहेत, अजगर आहेत. तेवढं पुरतं.

आणि पुस्तक पाठवणं बंद. आपण शेतकरी मेळाव्याला जातो, तिथं चकचकीत पत्रक हातात देतात, ते आपण ट्रॅक्टरच्या सीटखाली घालतो. शेजाऱ्याच्या रानात चार ओळी वेगळ्या दिसल्या की मात्र चपला काढून बांधावर उभे राहतो. विस्तारवाल्यांना हे सांगायला नको, प्रात्यक्षिकाचा प्लॉट त्यांचाच शब्द. मी तोच धरला. नवीन माणसाने काही वाचून यायचं नाही. तयार माणूस त्याच्या हातात द्यायचा, कागदाचं एक पान. जादूगार पहिल्यांदा कुणालाच द्यायचा नाही, मंत्रांच्या याद्या पाठ करण्यात त्याची रात्र जाते. तिरंदाज किंवा ढाल-तलवारवाला द्यायचा. आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याला असं काहीतरी विचारायचं ज्याचं उत्तर त्याच्याकडं आहे.

हे मला नानांनी शिकवलं. नाना म्हणजे आमच्या वस्तीवरचे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. आषाढात एका रात्री मोटर बघायला गेले ते परत येताना माझ्या पडवीत टेकले. मी फोनवर खेळ चालवत होतो. ऐकत बसले. खेळ संपल्यावर म्हणाले, "त्या पोरीला तू वाड्यात कशाला जाऊ दिलं?" मी म्हटलं, "मी नाही जाऊ दिलं, तिनंच ठरवलं." नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "म्हणजे तुलाबी म्हाईत नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. नानी ज्वारी निवडत होत्या. "यात पैसं कुठून जातं?" जात नाहीत. "मग त्या खेळवाल्याला काय मिळतं?" आपल्याकडून काही नाही. "आन् तुला?" मलाही नाही. नानींनी माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "मग बसू द्या."

वीस बाजूंचा फासा आपल्या तालुक्यात मिळत नाही. फोनवर टाकता येतो, पण नानांच्या फोनची काच फुटलेली आणि चष्मा कायम कुठंतरी राहिलेला. मग १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या, तांब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायचं काम नानींकडं. आडगावचा जुगाड म्हणून हसू नका. १९७९ च्या सुमाराला अमेरिकेत फाशांचा तुटवडा पडला तेव्हा कंपनीनेच खोक्यात फाशांऐवजी पुठ्ठ्याच्या आकडे छापलेल्या चकत्या घालून खेळ विकला होता.

नवीन माणूस आला म्हणून मी नवी गोष्ट काढली. या खेळाची नवशिक्यांसाठी म्हणून २०१४ ला निघालेली एक गोष्ट आहे, लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर. ती सुरू होते बैलगाडीने. हे मी पदरचं घातलेलं नाही, मूळ पुस्तकातच आहे. दोन बैलांची गाडी, तीत पिठाची बारा पोती, फावडी, कुदळी, कंदील, तेलाचं पिंप. ती फँडलिन नावाच्या गावाला पोचवायची, माणशी दहा सोन्याची नाणी. वाटेत दोन घोडी मरून पडलेली, अंगात काळ्या पिसांचे बाण. झाडीत चार गॉब्लिन दबा धरून. गॉब्लिन म्हणजे बुटकी, लबाड भुतावळ समजा.

बाण सुटले. पुतण्याने तलवार काढली, नाशकातली मावसबहीण झाडामागं गेली. मी विचारलं, "नाना, तुम्ही?"

"बैल कुठायत?"

"गाडीला."

"जुपलेलंच?"

"हो."

"मग मी आधी जू सोडतो. एकाला बाण लागला तर तो बसंल, आन् दुसऱ्याची मान जुवात पिळंल."

सहा वर्षांत मी ही गोष्ट तीन वेळा सांगितलीय. बैलांचं कुणीही विचारलेलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नव्हतं, आणि माझ्या वडिलांच्या दावणीला चार बैल होते.

जनावर हाताळण्याचा गुण खेळात आहेच. नानांच्या तिरंदाजाचा त्यात ३. मी बारा आकडा ठरवला, म्हणजे चिठ्ठीवर ९ किंवा वर हवं. वीसपैकी बारा चिठ्ठ्या, साठ टक्के. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "मी लढत नाही, नानांना मदत करतो." मदत मिळाली की दोनदा फासा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. साठचे चौऱ्याऐंशी टक्के होतात. (पहिली चिठ्ठी परत तांब्यात टाकली तर. नाही टाकली तर गणित जरा बदलतं, पदवीधरांनी करून बघावं.) नानींनी पहिली काढली, ४. दुसरी, १६. बैल सुटले. पुतण्याच्या पाठीत बाण बसला, पण बैल सुटले.

तेव्हापासून नव्या माणसाला मी हीच एक गोष्ट आधी सांगतो. काय करावं सुचलं नाही तर नुसतं म्हणा, "मी याला मदत करतो." तुम्ही आत आलात. बाकी नियम चार आठवड्यांत आपोआप अंगात मुरतात.

नानांनी आपली जोडी यंदा उन्हाळ्यात विकली. चाऱ्याचे भाव, गुडघे, आणि मुलाने घेतलेला छोटा ट्रॅक्टर. यावर आम्ही कधी बोललो नाही. पण गोष्टीतली गाडी फँडलिनला पोचून महिना झाला तरी ते बैल आमच्याबरोबर आहेत. गुहेत जायचं असलं की बाहेर कुणी थांबायचं यावर दहा मिनिटं जातात. मावसबहीण एकदा वैतागून म्हणाली, "नाना, विकून टाका ना ते, चांगली चिलखतं येतील." नाना नुसतं "नाय" म्हणाले.

पोळ्यानंतरचा शनिवार. मी एक थडगं तयार ठेवलं होतं, आत सापळे, सगळी जय्यत तयारी. नानांनी विचारलं, "तिकडं पोळा असतो का?" पुस्तकात नाही. मी म्हटलं, "असतो." मग त्यांनी ओढ्यावर गाडी थांबवली. खांदेमळणी केली, बैल धुतले, आपल्या दहा नाण्यांतून घुंगरमाळा घेतल्या. चाळीस मिनिटं गेली, फासा एकदाही पडला नाही. पुतण्या गप्प होता, मला वाटलं कंटाळला. मग तोच म्हणाला, "नाना, शिंगांना काय लावायचं?" नानी मागून म्हणाल्या, "हिंगूळ." थडगं तसंच राहिलं, ते येत्या वेळी.

तर जागा दोन. कृषी खात्यातला आमचा एक मित्र बदली होऊन जिथं गेलाय तिथं रात्री रेंज नसते, आणि दुसऱ्याचं लग्न झालं. तीन खेळाडूंवर गाडा चालतो पण ओढ लागते, पाच झाले तर बरं. बाई असो, गडी असो, वयाची अट नाही. व्हिडिओ लावायचा नाही, नुसता आवाज, डिस्कॉर्डवर. त्याला डेटा कमी लागतो, आणि घरात कोण कुठं झोपलंय ते कुणाला दिसत नाही. नकाशे रोल ट्वेंटीवर मांडतात, पण साध्या फोनवर ते अडकतं, म्हणून मी वहीवर काढून फोटो टाकतो. वही-पेन आणि तांब्या, एवढं सामान. छाटणी सुरू झाल्यावर मी नवीन माणूस घेत नाही, मागच्या वर्षीचा धडा. तेव्हा यायचं तर या तीन आठवड्यांत, नाहीतर थेट फळछाटणीचं काम आटोपून मणी सेट झाल्यावर.

त्या दोनांतली एक जागा मी धरून ठेवलीय. ज्याच्यासाठी धरलीय तो हे पान वाचतो. लाइक करत नाही, पण खोडकिडीवर मी चुकीचा डोस लिहिला होता तेव्हा अर्ध्या तासात निनावी खात्यावरून दुरुस्ती आली होती, आणि तसली भाषा इथं दुसरं कुणी लिहीत नाही. भाऊ, तुझा जादूगार माझ्याकडं आहे. तू लिहून आणलेली ती चार पानं मी टाकली नाहीत. त्याच्या गुरूचं नाव मला अजून पाठ आहे. सावकार मी गोष्टीतून काढला. तो कधी आलाच नव्हता असं धरून चाललोय, नियमाने सांगणाऱ्याला तेवढा अधिकार असतो. नाही आलास तरी हरकत नाही. फोन मात्र मी करणार आहे या आठवड्यात, कांद्याच्या भावाचा नाही.

बाकीच्यांनी खाली नुसतं "येतो" किंवा "येते" लिहा, मी घरी येऊन बोलेन किंवा लांब असाल तर घरच्यांशी फोनवर बोलेन.

आणि हो, या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री फेज रात्रीची आहे, दहा ते सहा. (ज्यांचे फीडर सोलरवर गेले त्यांनी हसू नये.) म्हणून शनिवारऐवजी शुक्रवारी, आठ वाजता बसू, दहाला उठू. नानांना मोटर चालू करायला जायचंय.